जागेवर आढळले नाही

नमुना सातमध्ये एक रकाना असतो:
यंत्र जागेवर आढळले काय? हो / नाही.
खाली सहीपुरती जागा. कारणापुरती नाही.

हिंगोलीहून सकाळच्या एसटीनं वसमत,
पुढं उसनी मोटारसायकल,
पिशवीत फाइल. निलावती खिल्लारे, मौजे टाकळी,
हळद पॉलिश उद्योग,
प्रकल्प खर्च चार लाख दहा हजार,
अनुदान पस्तीस टक्के,
तीन वर्षं बँकेत गोठवून ठेवलेलं,
माझ्या एका टिकेनं वितळणारं.

शेडला कुलूप नव्हतं.
भिंतीवर ऑइलपेंटनं योजनेचं नाव, अक्षराची उंची नियमानुसार,
आणि फरशीत चार बोल्ट.
बोल्टांवर काही नाही.
मधोमध एक कोंबडी बसली होती,
ती मी मोजली नाही.

दारात सातवीतली संबोधी गणितं सोडवत होती.
"आई मशीन घेऊन गेली."
"घेऊन? कुठं?"
"हळद वाळली तिथं."
मग माझ्या फाइलीत डोकावून,
"सर, आपला तालुका ड अधिक कामून?"
"मागास भागाला तसं म्हणतात."
"म्हणजे पास का नापास?"

एकोणीस वर्षं मी हे समजावून सांगतोय,
पडद्यावर, चहा-बिस्किटांच्या आधी आणि नंतर:
श्रेणी जेवढी खाली, सवलत तेवढी मोठी.
तिनं पेन्सिल कानावर ठेवली.
"मंग वर गेलो की कमी देतेत?"
"हो."
"मंग कामून जावं?"
आणि ती पुन्हा नफातोट्याच्या उदाहरणाकडं वळली.

कुरुंद्याच्या वाटेवर धूळ पिवळी होत गेली.
आधी बाभळीच्या बुडाला, मग एका कुत्र्याच्या पाठीवर,
मग सगळ्या हवेत.
शेतात ट्रॉलीच्या जुन्या आसावर ते चढवलेलं होतं,
माझं यंत्र, अनुक्रमांक ठोकलेलं,
मुख्तार वेल्डरच्या हातची जोडणी, ट्रॅक्टरवरून पट्टा,
पिंप गडगडत होतं आणि आतली हळकुंडं
एकमेकांची सालं काढत होती.

ती म्हणाली, थांबा, घाणी उतरू द्या.
थांबलो. शासनाला थांबवणारं दुसरं कोणी
चैतात मला भेटलं नव्हतं.

"दीड क्विंटल घेऊन टाकळीला कोण येतंय साहेब?
भाडं त्येच्याच्यानं होईना.
लाइट येती रातच्या बाराला.
मंग मीच जाती."
ओढणीनं तोंड पुसलं, ओढणी आधीच पिवळी.
"अट वाचली हाय मी. पान चार.
हलवता येणार नाही, हलवल्यास व्याजासह वसुली,
जमीन महसुलाची थकबाकी समजून.
पण हप्ता एकबी चुकला न्हाई, ते लिहा."
"त्याला रकाना नाही."
"मंग ह्या बाया तरी मोजा."

प्रस्तावात रोजगार तीन.
मोजल्या तर अकरा.
त्यातल्या दोघी नुसत्या बघायला आलेल्या निघाल्या.
"त्या उद्यापासून हायेत," ती म्हणाली. "धरा."

मी मुख्तारला विचारलं, उतरवायला किती वेळ?
अर्धा घंटा. परत बसवायला? तेवढाच.
एक फोटो काढला असता, शेडमध्ये, बोल्टांवर,
कोंबडी हाकलून.
ती बघत होती मी काय म्हणतो ते.
पलीकडच्या बांधावर सहा जण नंबर लावून बसले होते.
मी काही म्हणालो नाही.

बांधावर टेकून "हो" वर टिक केली.
कार्यस्थळापुढं मौजे टाकळी खोडलं,
लिहिलं: तालुका वसमत.

आठ दिवसांत फाइल परत.
शेरा: कार्यस्थळ संदिग्ध. निरीक्षकाने खुलासा करावा.
पान चारवर एक पिवळा अंगठा,
तिचा की माझा, आता सांगता येत नाही.
वरच्या टेबलावर कुणीतरी शिंकलं म्हणतात.

खुलासा लिहितोय.
"उपरोक्त विषयान्वये," इथवर आलोय.
सोमवारपर्यंत मुदत आहे.
मशीन तोवर गिरगावला गेलेलं असेल.